धुरातले हवालदार

लालबागला आमच्या चाळीत नळ एकच होता, आणि त्या नळावर राज्य राघोजी हवालदारांचं. गिरणीच्या फाटकावरचा रात्रीचा पहारा संपवून ते उजाडता उजाडता परत यायचे, अंगातला कोटही न उतरवता नळाशी उभे राहायचे आणि कोणाची घागर कोणाच्या मागे लागायची ते ठरवायचे. बायकांकडे मान वर करून बघायचे नाहीत. बोलायचे ते भांड्यांशी. ही कळशी मागे, हा हंडा पुढे. हंडा जिचा असेल तिने ओळखावं आणि सरकावं. माझं तपेलं एकदा उगाच पुढे घुसलं होतं, तर ते त्यांनी दोन्ही हातांनी उचलून, अगदी मानाने, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवलं. मी फणसवाडीत वाढलेली. आमच्याकडे विहीर होती आणि जिचा आवाज मोठा तिचं पाणी आधी. पलटणीच्या शिस्तीचं पाणी मी पहिल्यांदा लालबागला येऊन प्यायले.

उंच, वाळका माणूस. मिशा पांढऱ्या, पण पाठ अशी सरळ की पोरं त्यांच्या मागून चालताना आपोआप ताठ व्हायची. बायको पूर्वीच गेलेली, मूलबाळ नाही. जिन्याखालच्या खोलीत एकटे राहायचे, स्वतःची भाकरी स्वतः थापायचे, आणि ती माझ्यापेक्षा गोल यायची हे आमच्या ह्यांनी मला एकदा नव्हे, अनेकदा ऐकवलं आहे. आमचे हे त्याच गिरणीत कारकून होते. दोघांचं बरं जमायचं, कारण दोघेही फार बोलायचे नाहीत.

भांडण लागलं की हवालदारांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आदी घोटभर पाणी पिया, मगे भांडा." हे ते नुसतं म्हणत नसत, खरोखर तांब्या पुढे करत. आता तांब्या तोंडाला लावल्यावर शिवी कशी द्यायची? पाणी पिऊन होईपर्यंत निम्मा राग उतरायचा आणि उरलेला राग आणायला लाज वाटायची. एकदा एक सासूसून अशा तऱ्हेने अर्धी कळशी प्यायल्या, तेव्हा कुठे गप्प बसल्या.

एवढा कामाचा माणूस, पण चाळीत मान नव्हता. पाठीमागे त्यांना सगळे 'धुरातले हवालदार' म्हणत. हे नाव दाजी विणकराने ठेवलं होतं. दाजी आमच्या चाळीचा विदूषक, जिभेला हाड नसलेला. नाव ठेवलं की ते चिकटायचंच. हे नाव का पडलं ते सांगायचं तर भागीरथीची गोष्ट सांगावी लागेल, कारण हवालदारांची अशी वेगळी गोष्ट नव्हतीच.

भागीरथी आणि हवालदार मालवणकडच्या एकाच गावचे. तिचा नवरा गंगाराम त्यांच्याच पलटणीत होता. काबूलच्या मुलखातल्या लढाईत सरकारी फौज मागे हटली, तेव्हा शत्रूला अडवून धरायला एका पडक्या कुंपणाआड मूठभर शिपाई ठेवले होते. परत यायचं नाही हे ठेवणाऱ्यांनाही ठाऊक होतं आणि राहणाऱ्यांनाही. त्या मूठभरांत हे दोघे होते. परत आले एकटे राघोजी. ते गावी तिच्या दारात उभे राहिले तेव्हा भागीरथी जेमतेम अठरा वर्षांची असेल. ठसठशीत कुंकू लावून ओवाळायचं ताट घेऊनच ती बाहेर आली, आणि आपला माणूस कुठे म्हणून विचारलं. राघोजी म्हणाले, "धुरात माका कायच दिसूक नाय."

तेव्हापासून इतकी वर्षं त्यांचं हेच उत्तर. पलटणीच्या कागदावरही गंगाराम सापडला नाही एवढंच लिहून आलं होतं. मेला म्हणून अंगठा दे, पेन्शन सुरू होईल, असं कोणीतरी भागीरथीला समजावलं, तर तिने अंगठा मुठीत लपवला. मेला असता तर राघोजीभावजींनी बघितला नसता का, असं ती म्हणायची. नाही बघितला, म्हणजे आहे कुठेतरी. मुंबईला येऊन ती गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला लागली, आणि रोज पहाटे आरशाचा तुकडा खिडकीत टेकवून रुपयाएवढं कुंकू लावूनच खोलीबाहेर पडायची. हिरव्या बांगड्या हातभर. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलावताना काही बायका अडखळायच्या. मी बोलवायची. ती ओटीतले हरभरे सांभाळून न्यायची आणि दुसऱ्या दिवशी उसळ करून हवालदारांच्या दाराशी ठेवायची.

तिची आशा जिथून निघाली तिथूनच हवालदारांची बदनामी निघाली. चाळीचा हिशेब सरळ होता. सगळे मेले, हा एकटा आला, आणि वर म्हणतो काही दिसलं नाही. ज्याला काही दिसलं नाही तो तिथे नव्हता. पळाला असणार. शिवाय दिवाळीत फटाके वाजू लागले की हवालदार चार दिवस नाहीसे व्हायचे. माहीमच्या खाडीवर त्यांचा एक कोळी दोस्त होता, त्याच्या झोपडीत जाऊन जाळी विणत बसायचे. फटाक्याला भिणारा शिपाई, म्हणजे दाजीला आयतंच कोलीत. हवालदार परत आले की तो चारचौघांत विचारायचा, यंदा धूर कसा होता? हवालदार म्हणायचे, बरा होता, आणि खोलीचं कुलूप काढायचे.

एकदा मात्र मला वाटलं होतं, आता हे बोलतील. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की आपल्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पुतळा जळला की माणूस मेला, आणि बायको विधवा. बारा वर्षं भरताच भागीरथीचा दीर गावाहून भटजींना घेऊनच आला. जमिनीच्या वाटण्या अडल्या होत्या, तेही होतंच. भागीरथी खोलीच्या दाराला आतून कडी लावून बसली. चौकात माणसं जमली. भटजी शहाणे होते. ते म्हणाले, बायको राजी नाही, मग निदान लढाईतला सोबती काय म्हणतो ते ऐकू. हवालदारांना बोलावलं. भटजींनी नीट समजावलं की एका शब्दाचं काम आहे, गेला म्हणा, त्याच्या जिवाला गती मिळेल.

हवालदारांनी तेच उत्तर दिलं, धुरात काही दिसलं नाही, आणि मेला असं मी सांगणार नाही. भटजींनी पळसाची पानं परत बांधली. दिराच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने सगळ्यांदेखत हवालदारांच्या पायाशी थुंकून म्हटलं की पळणाऱ्याला मागचं कुठून दिसणार. तेव्हा हवालदारांच्या मानेची शीर ताठ झालेली मी वरच्या सज्जातून बघितली. मला वाटलं, आता हात उचलतात. त्यांनी वाकून नळाखालचं तांब्याभर पाणी घेतलं, थुंकलेल्या जागेवर ओतलं आणि पहाऱ्यावर निघून गेले.

प्लेगाच्या पहिल्या वर्षी निम्मी चाळ गावी पळाली. राहिलेल्यांना तपासणीची धास्ती. गोरे सोजीर येतात, चुलीपर्यंत घुसतात, देव बाहेर फेकतात, अशा वावड्या उठल्या होत्या. एका सकाळी ते आलेच. आमची तरणी पोरं लाठ्या घेऊन जिन्यात उभी राहिली, दाजी सर्वांत पुढे. हवालदार नुकते पहाऱ्यावरून आले होते. त्यांनी पोरांच्या हातातल्या लाठ्या एकेक करून काढून घेतल्या आणि आपल्या खोलीत नेऊन टाकल्या. मग पुढे होऊन सोजिराला सलाम ठोकला आणि पलटणीच्या भाषेत काहीतरी बोलले. आधी बायका खाली उतरतील, लुगड्याच्या आडोशाला बसतील, आणि चूल उंबऱ्यातूनच बघायची, असं ठरलं. त्यांनी बघितलं, चुन्याची खूण केली आणि गेले. कोणाच्या देवाला हात लागला नाही, कोणाचं डोकं फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाळ काय म्हणाली असेल? पळपुट्याने दार उघडून दिलं. आमच्या ह्यांना फार राग आला. ते हवालदारांना म्हणाले, तुम्ही एकदा तरी ह्या लोकांना सुनवा. हवालदार चिलीम झाडत म्हणाले, "जिन्यार उबो रवान मराक येळ लागना नाय, साहेब. मागे रवतत तेंका लय येळ लागता." ह्यांनी ते मला येऊन सांगितलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर एकदोन वर्षांनी गिरगावाच्या अंगाला मैदानात हलत्या चित्रांचा तंबू आला. कापडावर माणसं चालतात, हसतात, गाडीतून उतरतात, असं जो तो येऊन सांगू लागला. दाजी पहिल्याच आठवड्यात बघून आला आणि नळावर जाहीर केलं की तिथे लढाईसुद्धा दाखवतात, खरीखुरी, शिपाई मरतात तेही दिसतं. वर हवालदारांकडे वळून म्हणाला, त्या धुरात सगळं दिसतं हं, हवालदार.

हवालदारांनी नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं. पण भागीरथी हातातली कळशी तशीच धरून उभी राहिली. त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. लढाई खरी असेल तर ती काबूलचीच असणार, दुसरी कुठली? आणि त्या लढाईतले शिपाई कापडावर दिसत असतील तर गंगारामही दिसेल. मी तिला परोपरीने सांगितलं की अगं, ती परक्या मुलखाची चित्रं, आपली लढाई झाली तेव्हा ही यंत्रंच नव्हती. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, रविवारी जाऊया का? मग जिना उतरून तिने हवालदारांच्या दारात उभं राहून त्यांनाही चला म्हटलं. इतक्या वर्षांत तिला नवऱ्याचा चेहरा नीट आठवेनासा झाला होता. ती म्हणाली, मी चुकेन, तुम्ही ओळखाल. ह्यावर हवालदार नाही कसे म्हणणार?

रविवारी दाजीला धरून आम्ही दहाबारा माणसं निघालो. भायखळ्यापर्यंत चालत, पुढे घोड्याच्या ट्राममधून. भागीरथीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि केसांत अबोलीचा वळेसर. तंबूत एका अंगाला दोरी बांधून बायकांची जागा केली होती. हवालदार दोरीच्या पलीकडे, आमच्या अगदी शेजारी बसले. गुडघ्यांवर हात, पाठ ताठ. अंधार झाला, मागे यंत्राचा खडखडाट सुरू झाला आणि कापडावर एक मडम कोंबड्यांना दाणे टाकू लागली. तंबूभर हसू उसळलं. मीही हसले, कोंबड्या अगदी आपल्यासारख्याच होत्या.

मग लढाई आली. एक पडकं घर, त्याच्या भिंतीआड थोडे शिपाई, आणि समोरून येणारे पुष्कळ. टोप्या परक्या, चेहरे गोरे. भागीरथी पुढे वाकून एकेक चेहरा शोधत होती आणि पुटपुटत होती, ह्यो नाय, ह्योव नाय. धूर झाला. भिंतीआडचे एकेक करून पडू लागले. शेवटी एकच उरला, तोही निशाण धरून कोसळला. कापड पांढरं झालं. सगळं मिळून पान लावायला लागतो तेवढा वेळ. भागीरथीने मोठा श्वास सोडला आणि माझ्या हातावर हात ठेवला. तिचा माणूस त्यात नव्हता, म्हणजे मेला नव्हता. मी हवालदारांकडे बघितलं. ते होते तसेच बसले होते. मरणारी माणसं बघून त्यांना काही झालं नाही, कदाचित ते त्यांच्या रोजच्या ओळखीचं असेल.

तेवढ्यात तंबूवाला ओरडला, "अब देखो, साहेबलोग, मुर्दा उठेगा." त्याने यंत्राची मूठ उलटी फिरवली. पसरलेला धूर गोळा होऊन बंदुकांच्या नळ्यांत शिरला. निशाणवाला पाठीवरून ताडकन उभा राहिला. मग दुसरा, मग तिसरा. मेलेले उठत होते, गळून पडलेली टोपी उडून डोक्यावर बसत होती. तंबू हसून हसून लोळायला आला.

हवालदार उभे राहिले. दोन्ही हात पुढे करून, तळवे खाली दाबत, कोणाला जमिनीवर निजवावं तसे. आणि पलटणीत दिला असेल तशा आवाजात ओरडले, "गंगाराम, पडान रव रे! उठू नको, ते बघतत!"

लोकांना ती मस्करी वाटली, ते आणखी हसले. दाजी मात्र हसला नाही. कापडावरचे शिपाई सगळे उठून भिंतीआड धडधाकट उभे राहिले आणि चित्र संपलं. हवालदार खाली बसले तेव्हा त्यांची मान गुडघ्यांत गेली होती. भागीरथीचा हात अजून माझ्या हातावर होता. तो गार पडत गेलेला मला कळत होता. परत येताना हवालदार सगळ्यांच्या पुढे, भरभर चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर भांडी वेडीवाकडी पडली होती. हवालदार होते, पण कोणाची कळशी कुठे याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. भागीरथी खाली उतरली आणि बायकांची बडबड थांबली. कपाळ पांढरं, धुतलेलं. हात मोकळे. आमच्यात हे दुसऱ्या बायकांनी करायचं असतं. तिने एकटीने, दार लावून, स्वतःच्या हाताने केलं होतं. मनगटावर काचेचा ओरखडा होता. मला रडू आवरेना.

तिला बघून हवालदारांचा चेहरा इतका पडला की ते लढाईत असे दिसले नसतील. घाईघाईने पुढे येऊन म्हणाले, "अगो, तो दुसरो गंगाराम. पलटणीत गंगाराम लय होते." चारचौघांत पकडले गेल्यावरही माणूस तिच्यासाठी खोटंच बोलत होता, आणि त्यांना खोटं किती वाईट बोलता येतं ते तेव्हा सगळ्या चाळीला दिसलं.

भागीरथी वाकली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एवढी वर्सां तुमी माझा कुकू सांभाळलात. तेच्यासाटी लोकांचा थुकलेला अंगावर घेतलात. आता पुरे."

दाजीने हवालदारांची रिकामी घागर उचलली, नळाखाली धरली आणि भरून त्यांच्या दाराशी नेऊन ठेवली. पुढे त्याने कोणालाच नाव ठेवलं नाही असं मी म्हणणार नाही, ठेवलीच, पण हवालदारांना मात्र तो मरेपर्यंत राघोबादादा म्हणायचा.

गंगाराम पडून राहिला असता तर वाचला असता का, आणि का उठला, हे मला आजही माहीत नाही. ती दोघांची गोष्ट. त्या दिवशी भागीरथी कामावर गेली नाही, आणि पहाऱ्यावरून आलेले हवालदारही झोपायला गेले नाहीत. भोंगा झाला, चाळ रिकामी झाली. मी सज्जात तांदूळ निवडत बसले होते. खाली जिन्याच्या पायरीवर हवालदार बसले होते आणि समोर जमिनीवर भागीरथी. हवालदार बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. वरपर्यंत ऐकू काही येत नव्हतं, हात तेवढे दिसत होते. त्यांनी अंगणातले खडे गोळा करून पायरीवर एक वेडंवाकडं कुंपण मांडलं. कुंपणाआड आणखी थोडे खडे ठेवले, हा अमका, हा तमका, असं बोट लावून सांगत असावेत. मग सावकाश बोलत बोलत ते एकेक खडा उचलून बाजूला ठेवू लागले. भागीरथी बघत होती. शेवटी दोन उरले, शेजारी शेजारी. त्यातल्या एकाकडे हवालदारांचा हात गेला, तेव्हा भागीरथीने पटकन आपला तळवा त्या खड्यावर पालथा घातला. हवालदार थांबले. घाई केली नाही, समजूतही घातली नाही, नुसते बसून राहिले. ऊन पायरीवर आलं. पुष्कळ वेळाने तिने आपणच हात उचलला.